गल्लीतल्या समस्त पांढऱ्या पेन्सिली

बायकोला मदत करायची, असं मी एका रविवारी सकाळी ठरवलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाची तक्रारही नव्हती. पोहे चांगले झाले होते, वर दुसऱ्यांदा चहा मिळाला होता, आणि पोट भरलं की माझ्या अंगात चांगुलपणा संचारतो. (तो साधारण अर्धा तास टिकतो. पण अर्ध्या तासात मी पुरेसं नुकसान करू शकतो.)

मी अश्वजित मनवर. दारव्ह्याच्या पंचायत समितीत कारकून आहे. घरी आम्ही तिघं: मी, माझी बायको उर्वशी आणि माझी माय कांताबाई. मुलगी शिकायला नागपूरला असते, त्यामुळे घरात माझ्या बाजूनं बोलणारं सध्या कोणी नाही.

उर्वशी मुलींच्या शाळेत सातवीला शिकवते. तिच्या शाळेच्या हेडमास्तरीण लालीबाई राठोड सोमवारी रिटायर होणार होत्या. आता या लालीबाई म्हणजे तिच्या नुसत्या हेडमास्तरीण नव्हत्या. उर्वशी लहान असताना त्याच तिला गावच्या शाळेत शिकवायला होत्या. सातवीनंतर माझ्या सासऱ्यांनी, बाबारावांनी, पोरीची शाळा बंद करून तिच्या हाती विळा दिला, तेव्हा लालीबाई सायकल मारत थेट वावरात पोचल्या. उर्वशीच्या हातातला विळा घेतला, आपल्या पिशवीत टाकला आणि बाबारावांना म्हणाल्या, "हा मी नेते. पोट्टी शाळेत आली का वापस देईन." उर्वशी दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. विळा मात्र आजतागायत परत आला नाही.

तर अशा बाईला द्यायचं काय? शाळेतर्फे शाल होती, नारळ होता, भिंतीवरचं घड्याळ होतं. उर्वशीनं ठरवलं की आपल्या वर्गातल्या अठ्ठावीस मुलींनी अठ्ठावीस कार्डं द्यायची. मागच्या बाजूला मुलींचे निरोप, आणि पुढचं फूल आपल्या हातचं. ही कला ती पुसदला मावसबहिणीकडून शिकून आली होती. लाकडी ठोकळ्यावर रबराचं फूल असतं, त्याला पांढरी शाई लावायची आणि काळ्या जाड कागदावर ठसा उमटवायचा. फुलाची नुसती बारीक रेघ उठते. मग आत रंगीत पेन्सिलींनी रंग भरत बसायचं.

"काळ्या कागदावर?" मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. "अवं, शोकसभेची पत्रिका वाटंल ते."

"लालीबाई मॅडमच्या मायचा घागरा पाह्यला का तुम्ही?"

"मी कायले कोणाच्या मायचा घागरा पाहू?" (उत्तर बिनचूक होतं. तरी माझ्याकडे वाईट नजरेनं पाहिलं गेलं.)

"काळ्या कापडावर लाल-पिवळ्या दोऱ्याचा कशिदा होता त्याच्यावर. मॅडमनं शाळेत आणून दाखोला होता आम्हाले. अंधारात दिवे लागल्यासारखा. मले तसंच पाहिजे."

शनिवारपर्यंत तिची सतरा कार्डं झाली. अकरा उरली. आणि रविवारी सकाळी, ती आंघोळीला गेली असताना, मी मदतीला उतरलो.

आधी टेबल आवरलं. मग पेन्सिलींना टोकं केली. चोवीस रंगांची पेटी होती. लाल, पिवळी, पोपटी, जांभळी अशा ओळीनं लावत गेलो, आणि शेवटी हाती आली पांढरी. आता पांढऱ्या पेन्सिलीबद्दल माझं मत शाळेपासून पक्कं आहे. तिनं कागदावर काहीही काढलं तरी दिसत नाही. पेटीत तिची जागा आमच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांसारखी असते, म्हणजे असते एवढंच. ही पांढरी तर पेटीतली सगळ्यात बुटकी होती, जेमतेम बोटाएवढी. यावरून शहाण्या माणसाच्या काहीतरी लक्षात आलं असतं. मला वाटलं, कंपनीनंच अर्धी दिली असेल. कामाची नाही, तर लाकूड कशाला वाया घालवा!

तेवढ्यात मला पँटची आठवण झाली. सोमवारच्या कार्यक्रमासाठी काळी पँट आखूड करायची होती. पँट घेऊन कोपऱ्यावरच्या पिंटू टेलरकडे निघालो आणि निघताना ती पेन्सिल खिशात टाकली. कारण पिंटू दोन दिवसांपासून रडत होता की खूण करायचा खडू संपला आहे, आणि त्याच्यापुढे लग्नाच्या बँडवाल्यांच्या निळ्या पँटींचा ढीग पडला आहे.

"घे," मी उदारपणे म्हटलं. "तुझ्या कामाची हाय. आमच्या इथी पडूनच असते."

पिंटूनं कापडावर एक रेघ मारून पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. "वा साहेब! देव माणूस हाय तुम्ही."

असं मला बाहेरचं कोणीतरी बऱ्याच वर्षांनी म्हणत होतं. मी तरंगत घरी आलो.

घरी उर्वशी टेबलाशी बसली होती. समोर काळं कार्ड, त्यावर गुलाबाचा ठसा. ती पेटीत बोटं फिरवत होती.

"काहो, पांढरी कुठी हाय?"

"कोणती पांढरी?"

"पांढरी पेन्सिल. इथंच तर होती."

"तिले काय करतं? कागद काळा, फूल गुलाबी, पान हिरवं. पांढऱ्याचं काम कुठी येते त्यात?"

तिनं गुलाबी पेन्सिल उचलली आणि पाकळीवर फिरवली. काळ्या कागदानं तो रंग जणू गिळून टाकला. पाकळीवर शेवाळासारखा एक मळकट डाग उरला. मग तिनं आदल्या दिवशीचं एक तयार कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

मी ते पहिल्यांदाच नीट पाहिलं, हे सांगायला लाज वाटते. आठवडाभर ती माझ्या डोळ्यांसमोर रंगवत होती आणि मी मोबाईल पाहत होतो. त्या काळ्या कागदातून एक गुलाब बाहेर येत होता. मी मुद्दाम 'बाहेर येत होता' म्हणतो. पाकळीची कड उजेडात होती आणि मूळ अंधारात बुडालेलं होतं. वाटत होतं, फुलाच्या आत कोणीतरी छोटा दिवा लावून ठेवला आहे. मी हळूच कार्ड उलटं करून पाहिलं. (मागे बॅटरी नव्हती.)

"आधी पांढरा द्या लागते," उर्वशी म्हणाली. "जिथं उजेड पाहिजे तिथं पांढरा, तोही हलक्या हातानं, दोन-तीन वेळा. मंग त्याच्यावर गुलाबी. पांढरा खाली असला तरच रंग बोलते. नाई तर काळा सगळं खाऊन टाकते. आता सांगा, कुठी हाय?"

"मी… आलोच," असं म्हणून मी चप्पल न घालता पळालो.

पिंटूच्या दुकानात मशीन धडधडत होती आणि टेबलावर निळ्या पँटी आडव्या पडल्या होत्या. प्रत्येकीवर पांढऱ्याशुभ्र रेघा.

"पिंटू, पेन्सिल!"

"बम भारी पेन्सिल होती, साहेब." त्यानं खिशातून तुरीच्या दाण्याएवढा एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "अजून एक असंल तर द्या ना. कोटाचं काम बाकी हाय."

तो दाणा मी घरी नेला नाही. तेवढी हिंमत नव्हती. मी बाजारात गेलो. पहिल्या दुकानदारानं सांगितलं, सुटी पांढरी पेन्सिल आजवर कोणी मागितली नाही, म्हणून तो ठेवत नाही. दुसऱ्याकडे मेणाचे खडू होते. तिसरं दुकान रविवारचं बंद होतं. पुसदच्या मावसबहिणीला फोन केला, तर तिथलं दुकानही बंद. ती म्हणाली, "भाऊजी, उद्या सकाळी जीपवर पाठवून देतो." उद्या सकाळी कार्यक्रम होता.

मान खाली घालून गल्लीत शिरलो, तर शेजारची सात वर्षांची खुशी ओट्यावर पालथी पडून मोर रंगवत होती. बाजूला रंगपेटी उघडी. निळी बुटकी, हिरवी बुटकी, लाल तर हरवलेली. आणि पांढरी? पांढरी नवी कोरी, टोकही न केलेली, सगळ्यांच्या वर मान काढून उभी.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या गल्लीत घरटी एकतरी शाळेत जाणारं लेकरू आहे. प्रत्येक लेकराकडे रंगपेटी आहे. आणि पांढरी पेन्सिल जगात कोणीच वापरत नाही!

"खुशी बेटा, ही पांढरी मले देतं का?"

"कायले?"

"फुलाले रंग द्याचा हाय."

तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "काका, ही दिसत नाई. ही खोटी पेन्सिल राह्यते."

"मले खोटीच पाहिजे."

"मंग घ्या," ती म्हणाली, आणि आत तोंड करून ओरडली, "आई वं, अश्वजित काका खोट्या पेन्सिली जमा करून राह्यले!"

पुढचं घर सदाशिवरावांचं. रिटायर्ड तलाठी आहेत, नातवंडं घरात आहेत, आणि कान थोडे जड आहेत.

"भाऊ, तुमच्या घरी पांढरी पेन्सिल हाय का?"

"पेन्शन? हाय ना. दर महिन्याले येते."

"पेन्शन नाई, पेन्सिल! मले पाहिजे होती."

"तुमाले? इतक्या लवकर?" सदाशिवराव खुर्चीतून उठलेच. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काय झालं? साहेबासंग वाजलं का?"

"अहो, पांढरी!"

"पांढरी म्हणजे? पांढऱ्यावर काळं करून, लेखी काढून टाकलं का?"

शेवटी त्यांच्या सुनेनं पेन्सिल आणून दिली. पण तोपर्यंत सदाशिवराव पलीकडच्या ओट्यावरच्या माणसाला खालच्या आवाजात सांगू लागले होते. (कान जड असलेल्या माणसाचा खालचा आवाज चार घरं ऐकू जातो.) मी पुढं पुढं जात होतो आणि बातमी माझ्या पुढं पुढं जात होती. कोपऱ्यावरच्या तानाबाई तर मला पाहताच आधार कार्ड, रेशन कार्ड आणि दोन फोटो घेऊन दारात उभ्या होत्या.

"कोणती योजना हाय, बापू?"

"योजना नाई काकू, नातीची पांढरी पेन्सिल पाहिजे."

"घ्या ना. पण माझं नाव लिवून घ्या आधी."

मी नाव लिहून घेतलं. दुसरा मार्ग नव्हता. तासाभरात माझ्या रुमालात एकोणीस पांढऱ्या पेन्सिली जमल्या. त्यांतल्या सोळांना आयुष्यात कधी टोकसुद्धा झालं नव्हतं. जवळजवळ सगळ्या सारख्याच उंच. एकोणीस घरांतल्या लेकरांनी ज्यांना फारसा हात लावला नव्हता, त्या सगळ्या एकदम माझ्या हातात होत्या, आणि खरं सांगतो, मला भरून आलं.

दारात माय उभी. "काहून रे, नोकरी गेली म्हणते तुही?"

"नाई गेली माय. पेन्सिल गेली." आणि मग मी उर्वशीला सगळं कबूल केलं, पिंटूसकट.

ती रागावेल असं वाटलं होतं. ती त्या रुमालाकडे पाहत राहिली. मग तिला हसू फुटलं, ते थांबेचना. डोळे पुसत ती म्हणाली, "एकोणीस घरं? अनवाणी?" मी खाली पाहिलं. खरंच, मी एवढा वेळ अनवाणीच होतो.

तिनं एकेक पेन्सिल काळ्या तुकड्यावर घासून पाहिली. बहुतेक कडक निघाल्या, नुसत्या ओरखडे काढणाऱ्या. पण पाच मऊ होत्या, आणि त्यांतली सगळ्यात मऊ खुशीची निघाली. ती खोटी पेन्सिल दुधासारखी उतरत होती.

दुपारी दोनला उर्वशी कामाला बसली. मी समोर बसून टोकं करत होतो, आणि या वेळी पाहत होतो. ती पेन्सिल दाबत नव्हती, बारीक बारीक गोल फिरवत होती. पाकळीच्या कडेवर पांढरं धुकं यायचं. त्यावर पिवळा. पिवळ्यावर जरासा केशरी, तोही फक्त देठाकडे. आणि काहीच नसलेल्या काळ्या जागेत सूर्यफूल उगवायचं. मी बावीस वर्षं या बाईबरोबर राहतो. हिच्या हातात एवढं आहे हे मला माहीत नव्हतं. मी मध्ये एकदा श्वास रोखून धरला, तो सोडायला विसरलो आणि मग जोरात खोकलो. ("तोंड तिकडं करा," उर्वशी म्हणाली.)

माय बाजूला खाटेवर बसून हे पाहत होती. मायनं उभं आयुष्य लोकांच्या वावरात कापूस वेचला. शाळा तिनं पाहिली नाही. प्रौढांच्या वर्गात जाऊन स्वतःचं नाव तेवढं लिहायला शिकली. मग उर्वशीनं ठोकळा दाबून एक नवीन ठसा उमटवला, एका फांदीवर दोन मोठी फुलं, तशी ती उठून जवळ आली.

"हे तं पराटीचं फूल होय," माय म्हणाली. पराटी म्हणजे कपाशी.

"नाई आई, हे असंच कोणतंही फूल हाय. पुसदहून आणलेला ठसा."

"मी सांगतो ना. पान पाह्य. दे मले."

रंगाची पेन्सिल मायनं जन्मात पहिल्यांदा हातात धरली. मी घाबरलो, कारण कोरे कागद मोजकेच उरले होते. मी म्हणणारच होतो, "माय, आधी रद्दीवर…" पण उर्वशीनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

मायची बोटं वाकडी झाली आहेत, पण जड नाहीत. बोंडाचा काटा लागू न देता कापूस ओढून घेणारी बोटं ती. तिनं पांढरी पेन्सिल वरच्या फुलावर अशी फिरवली, की कागदाला कळलंही नसेल. मग त्यावर अगदी फिकट पिवळा. एवढाच. मग खालचं फूल घेतलं. तिथंही आधी पांढरा, पण वर गुलाबी.

"एका फांदीवर दोन रंग?" मी विचारलं.

मायनं वर पाहिलंच नाही. "वरचं आजचं हाय. आज सकायी फुललं, म्हून पिवयं. खालचं कालचं. पराटीचं फूल पहिल्या दिवशी असं राह्यते अन् दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. तू काय, ऑफिसात राह्यतं."

या जिल्ह्यात मी पन्नास वर्षं काढली. एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना तेच पीक पाहत ऑफिसला गेलो. फूल रंग बदलतं हे मला माहीत नव्हतं. आणि मायनं ते काळ्या कागदावर आज आणि काल शेजारी शेजारी ठेवून दाखवलं होतं. उर्वशीनं कार्ड दोन्ही हातांनी उचलून खिडकीत वाळायला ठेवल्यासारखं ठेवलं. पेन्सिलीला वाळायचं काही नसतं, हे तिला माहीत होतं.

मायला त्या एका कार्डाला दुपार पुरली. उरलेली दहा उर्वशीनं दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात संपवली. अठ्ठावीस झाली. आणि माझ्यातला कलावंत जागा झाला तो इथं. ठसा चुकून दोनदा उमटल्यामुळे बाजूला ठेवलेला एक कागद पडून होता. मी म्हटलं, एक आपलंही असू द्या. मी तो फक्त पांढऱ्यानं रंगवला. बाकी रंगांची मला भीती वाटते, हे खरं कारण. उर्वशीला मात्र मी सांगितलं की साधेपणातच खरी कला असते.

सोमवारी शाळेच्या हॉलमध्ये मुली रांगेनं आल्या. लालीबाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. भाषणं झाली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. पहिलं कार्ड हातात आल्यावर मात्र त्या पुढं वाकल्या. दुसरं. तिसरं. मग चष्मा काढून पुसला आणि उर्वशीकडे पाहून म्हणाल्या, "माह्या मायचा कशिदा आठोला वं, पोरी." उर्वशीनं मान हलवली.

मायच्या कार्डापाशी रांग थांबली. लालीबाई त्या दोन फुलांकडे खूप वेळ पाहत राहिल्या.

"हे कोणी केलं? हे पुस्तकात पाहून होत नाई. हे वेचणाऱ्या बाईनंच केलं."

उर्वशीनं मागच्या खुर्चीवर बसलेल्या मायकडे बोट दाखवलं. लालीबाई उठून स्वतः तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "सही पाहिजे तुमची. इथं, फुलाखाली." मायनं रांगेतल्या एका मुलीकडून पांढरी पेन्सिल घेतली आणि एकेक अक्षर थांबून थांबून काढलं: कांताबाई. काळ्या कागदावर ते नाव दुरूनही दिसत होतं. हॉलमधल्या सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि मी तर उभं राहून वाजवल्या.

त्या भरात मीही पुढं झालो आणि माझं कार्ड लालीबाईंच्या हाती दिलं. म्हटलं, "मॅडम, हे माझ्याकडून."

त्यांनी ते पाहिलं. जवळ नेलं, लांब नेलं. मग खिडकीकडे वळून दोन बोटांत धरून उजेडासमोर उभं केलं. पी.टी.चे मास्तर हरिसिंग शेजारीच होते, तेही मान तिरपी करून पाहू लागले.

"वाटी सरकली हाय," हरिसिंग गंभीरपणे म्हणाले.

"हो ना," लालीबाई म्हणाल्या, आणि फार मायेनं ते कार्ड माझ्या हातात परत ठेवलं. "हे मले कायले देता, मनवर साहेब? एक्स-रे आपल्याजवळच ठेवा. ऑपरेशनच्या येळेस डॉक्टर मांगतीन."